नथुरामच्या मनाचं निदान : 'नार्सिसिझम' हा शब्द नेमका किती भार पेलतो?

पीएच.डी.साठी विषय शोधणाऱ्यांच्या वहीत सध्या एक जोडी हमखास सापडते : नार्सिसिझम आणि धार्मिक कट्टरता. विषय भारदस्त वाटतो, पेपरही भरपूर मिळतात आणि बातम्यांमुळे तो कधी शिळा होत नाही. पण सिनॉप्सिसमध्ये बहुतेक जण पहिलं वाक्य असं लिहितात : 'कट्टर माणूस मुळात आत्मप्रेमी असतो.' रिसर्च कमिटीसमोर हे वाक्य दोन प्रश्नसुद्धा टिकत नाही. का टिकत नाही, ते आज एका खऱ्या उदाहरणावर तपासून पाहू.

उदाहरण आपल्या जिल्ह्याला अगदी लागून आहे. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत बिर्ला हाउसमध्ये नथुराम गोडसेने गांधीजींवर गोळ्या झाडल्या. मारणारा बारामतीत जन्मलेला, पुण्यात वृत्तपत्र चालवणारा मराठी माणूस. मारला गेलेला माणूस १९३६ पासून आपल्या सेवाग्रामचा रहिवासी. या खुनाचं मानसशास्त्र मांडण्याचा सगळ्यात गाजलेला प्रयत्न आशिष नंदी यांचा आहे. 'ॲट द एज ऑफ सायकॉलॉजी' या १९८० च्या पुस्तकातला गांधीहत्येच्या राजकारणावरचा त्यांचा निबंध अजून वाचला जातो, अजून उद्धृत होतो. हा लेख त्या निबंधाची आणि त्यानंतर आलेल्या मोजमापाच्या संशोधनाची झाडाझडती आहे.

आधी शब्द साफ करू

'नार्सिसिझम' हा शब्द आपण तीन ठिकाणी वापरतो आणि तिन्हींची गल्लत करतो.

पहिला वापर बोलण्यातला. जो सारखे सेल्फी काढतो, स्वतःचंच कौतुक करतो, त्याला आपण नार्सिसिस्ट म्हणून मोकळे होतो. ही शिवी आहे, संकल्पना नाही.

दुसरा वापर आजाराचा. नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर हे निदान आहे. ते प्रशिक्षित माणूस समोरच्याला तपासून करतो.

तिसरा वापर गुणविशेषाचा. उंचीसारखाच हा गुण प्रत्येकात कमी-जास्त असतो आणि प्रश्नावलीने मोजला जातो. रॅस्किन आणि टेरी यांची १९८८ ची ४० प्रश्नांची एनपीआय ही यातली सगळ्यात जास्त वापरली गेलेली मोजपट्टी. पुढे पॉल विंक यांनी १९९१ मध्ये दाखवलं की या गुणाला दोन चेहरे आहेत. एक मिरवणारा, स्वतःला थोर समजणारा. दुसरा आतून हळवा, पटकन दुखावणारा, 'माझी किंमत कुणाला कळलीच नाही' म्हणत कुढणारा. दोघांच्याही तळाशी मी-पणा आहे, पण वागणूक वेगळी. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये यातला कोणता, हे लिहिलं नसेल तर परीक्षक तिथेच थांबवतील आणि ते बरोबरच असेल.

आता हिंसेशी याचा संबंध कुठे येतो? बुशमन आणि बाऊमाइस्टर यांचा १९९८ चा प्रयोग जरूर वाचा. विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेतला, काहींना त्यावर अत्यंत वाईट शेरा दिला, आणि नंतर एका खेळात शेरा देणाऱ्याला मोठ्या आवाजाचा त्रास देण्याची संधी दिली. सगळ्यात जास्त आक्रमक कोण निघालं? ज्यांचा नार्सिसिझमचा गुण जास्त होता आणि ज्यांचा अपमान झाला होता, ते. साध्या आत्मसन्मानाने आक्रमकतेचा अंदाज येत नव्हता. म्हणजे नुसता मी-पणा पुरत नाही, त्याला धक्का बसावा लागतो. ही अट लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

पण प्रयोगशाळेतला आवाज आणि बिर्ला हाउसमधलं पिस्तूल यांत फार मोठं अंतर आहे. आवाज रागाच्या भरात वाढवता येतो. खुनाला पैसे, शस्त्र, प्रवास, साथीदार आणि दिवसेंदिवस टिकणारा निश्चय लागतो. प्रयोगातला राग आणि कटातला निश्चय एकच आहेत असं गृहीत धरणं ही पहिली उडी. ती बहुतेक सिनॉप्सिसमध्ये एका वाक्यात मारलेली असते.

नंदींचं वाचन : ताकद कुठे आहे

नंदींनी नथुरामला वेडा ठरवलं नाही, हे त्यांचं मोठं काम. वेडा म्हटलं की प्रश्न मिटतो आणि आपण सगळे सुटतो. त्यांनी हा खून मारणारा, मरणारा आणि भोवतालचा समाज यांच्यातलं एक नातं म्हणून वाचला. गांधींनी राजकारणाचा मध्य शहरी उच्चवर्णीयांकडून खेड्याकडे सरकवला, मर्दानगीची वसाहती कल्पना नाकारली, स्त्रीत्वाला ताकद मानलं. ज्यांची प्रतिष्ठा जुन्या मांडणीवर उभी होती त्यांना यात स्वतःचा ऱ्हास दिसला, असा त्यांचा युक्तिवाद आहे. नथुराम या भीतीचा वाहक.

सुरक्षेच्या ढिलाईकडेही ते बोट दाखवतात. २० जानेवारीला मदनलाल पाहवाने प्रार्थनासभेत स्फोट केला, तो जागीच पकडला गेला, तरी पुढच्या दहा दिवसांत यंत्रणेला मारेकऱ्यांपर्यंत पोचता आलं नाही. व्यक्तीच्या मनावर सगळा भार टाकणाऱ्याला हे दहा दिवस दिसतच नाहीत. नंदींना दिसले.

दुबळी बाजू : नथीची गोष्ट

आता तो भाग, जो विद्यार्थी सगळ्यात आवडीने उचलतात. नथुरामच्या आधी जन्मलेली मुलं दगावली होती. हा जगावा म्हणून आईवडिलांनी त्याला मुलीसारखं वाढवलं, नाकात नथ घातली. मूळ नाव रामचंद्र, पण नथीमुळे नथुराम झालं. लहानपणी त्याच्या अंगात कुलदेवता येई आणि घरचे त्याला प्रश्न विचारत, असंही सांगितलं जातं. यावरून निष्कर्ष : लहानपणी मुलगी म्हणून वाढलेल्या मुलाने पुढे आयुष्यभर आक्रमक पुरुषत्व शोधलं, घरात देवाचं स्थान मिळालेल्या मुलाला आपण खास आहोत असं वाटत राहिलं.

वाचायला हे फार छान लागतं. इथेच सावध व्हा आणि तीन प्रश्न विचारा.

पहिला, माहिती कुणाकडून आली? बहुतांशी धाकटा भाऊ गोपाळ याच्या आठवणींतून. नथुरामचा जन्म १९ मे १९१० चा, गोपाळ त्याच्याहून सुमारे नऊ वर्षांनी लहान. नथ घातल्याचा प्रसंग गोपाळने डोळ्यांनी पाहिलेला असणं शक्यच नाही. ती घरात ऐकलेली गोष्ट आहे, आणि सांगणारा त्याच खटल्यात जन्मठेप झालेला माणूस आहे. त्यामुळे ती खोटी ठरत नाही, पण तिचा दर्जा पुराव्याचा राहत नाही. शिवाय पुढे भाऊ इतिहासात गेला, हे माहीत झाल्यावर सांगितलेली ही आठवण आहे. अशा आठवणीत बालपण आपोआप 'वेगळं' होत जातं.

दुसरा प्रश्न आपल्या मातीतला. नथ घालणं किती दुर्मीळ होतं? महाराष्ट्रात ज्या घरात मुलं जगत नसत तिथे नव्या बाळाचं नाक टोचणं, त्याला धोंडू, दगडू, उकिरडा अशी नावं ठेवणं सर्रास चाले. दृष्ट लागू नये, यमाने दुर्लक्ष करावं, ही त्यामागची समजूत. वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडच्या कोणत्याही गावात जुन्या मतदार यादीत नथ्थू आणि नथ्थूजी शोधा, सापडतील. त्यांनी शेती केली, बैल राखले, नातवंडं खेळवली. नथीतून खुनी निघत असता तर विदर्भात राहणं कठीण झालं असतं. अंगात येण्याचंही तेच. नवरात्रात किती घरांत येतं ते तुम्हीच आठवा. जी गोष्ट हजारोंच्या वाट्याला आली, तिने एकाच्या कृतीचं स्पष्टीकरण होत नाही. रिसर्च मेथडच्या तासाला कंट्रोल ग्रुप कशाला लागतो, याचं याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही.

तिसरा प्रश्न : हे वाचन चुकीचं ठरू शकेल अशी कोणती माहिती असू शकली असती? नथुराम लहानपणी दांडगट असता तर 'लहानपणापासून हिंसक' म्हटलं असतं. हळवा होता तर 'दबलेलं पुरुषत्व' म्हणतो. दोन्ही बाजूंनी सिद्धांत जिंकत असेल, तर त्याने काहीच पणाला लावलेलं नाही.

जात आणि गमावलेली सत्ता

नंदींचा दुसरा धागा चित्पावन ब्राह्मणांच्या प्रतिष्ठेचा. १८१८ मध्ये पेशवाई गेली, पुढे राजकारणाचं नेतृत्वही हातातून सुटलं, त्याची बोच. धागा महत्त्वाचा आहे, पण त्यावर चाचणी लावून पाहा. गांधीजी ज्यांना आपले राजकीय गुरू मानत ते गोपाळ कृष्ण गोखले चित्पावन. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहासाठी त्यांनी पहिले सत्याग्रही म्हणून निवडलेले विनोबा चित्पावन, आणि तो सत्याग्रह सुरू झाला आपल्या पवनारहून. जात तीच, इतिहास तोच, गमावलेली पेशवाई तीच. परिणाम मात्र टोकाचे वेगळे. मग फरक घडवणारा घटक जातीत नाही, आणखी कुठेतरी आहे.

खटल्यातल्या आरोपींकडे बघूनही हेच दिसतं. आठ आरोपी होते. नथुरामसारखा शिस्तीचा अविवाहित माणूस, मौजमजेची आवड असलेला पदवीधर नारायण आपटे, अहमदनगरचा हॉटेलचालक विष्णू करकरे, पंजाबातून आलेला निर्वासित मदनलाल. शस्त्रं विकणारा दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला. आठांपैकी सावरकर निर्दोष सुटले. परचुरे आणि शंकर किस्तय्या अपिलात सुटले. उरलेल्यांनाही एका 'व्यक्तिमत्त्वा'त बसवून दाखवा, बसत नाहीत. मार्था क्रेनशॉ यांनी १९८१ मध्येच लिहिलं होतं की दहशतवाद्यांमधलं ठळक साम्य शोधायचं तर ते त्यांच्या सर्वसाधारणपणात आहे. निराशाजनक वाटतं, पण हे वाक्य बऱ्याच सिनॉप्सिस वाचवू शकेल.

एकच पुरावा, दोन अर्थ

नार्सिसिझमच्या बाजूने सगळ्यात दमदार पुरावा बालपणातला नाही, कोर्टातला आहे. तो नीट बघू.

लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयात ८ नोव्हेंबर १९४८ ला नथुरामने आपलं लांबलचक निवेदन वाचलं. १० फेब्रुवारी १९४९ ला त्याला आणि आपटेला फाशीची शिक्षा झाली. अपिलात त्याने फाशीला आव्हान दिलं नाही. त्याने आव्हान दिलं ते 'कट होता' या निष्कर्षाला. म्हणणं असं की हे सगळं मी एकट्याने केलं. अस्थी सिंधू नदी पुन्हा अखंड भारतात येईल तेव्हाच विसर्जित करा, अशी त्याची इच्छाही प्रसिद्ध आहे.

पहिलं वाचन : हा तर भव्यतेचा हव्यास. श्रेय वाटून घ्यायला तयार नाही, मरणानंतरही इतिहासाला तारीख देऊन ठेवतो.

दुसरं वाचन : साथीदारांना, त्यात सख्ख्या भावाला वाचवण्यासाठी घेतलेला हा सरळ कायदेशीर पवित्रा आहे. शिवाय कट नाकारला की चळवळीतल्या बाकीच्यांवरचा संशयही कमी होतो.

निवेदनाचंही तसंच. आपल्याला लोकांचा तिरस्कार मिळेल आणि अब्रू जाईल हे माहीत असूनही आपण हे केलं, असा त्याचा सूर आहे. कौतुकाचा भुकेला माणूस तिरस्कार पत्करेल? एक जण म्हणेल, नाही. दुसरा म्हणेल, आजच्या लोकांचं कौतुक नको, उद्याच्या इतिहासकारांचं हवं, म्हणजे भूक आणखी मोठी.

यातलं खरं कोणतं, हे नथुरामला एकही प्रश्न न विचारता ठरवता येत नाही. अमेरिकेत १९६४ च्या निवडणुकीत एका मासिकाने शेकडो मनोविकारतज्ज्ञांकडून उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांचं न तपासता 'निदान' छापलं. प्रकरण कोर्टात गेलं, मासिक हरलं. पुढे १९७३ मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने नियमच केला : ज्याला तपासलं नाही त्याचं निदान जाहीरपणे करू नये. जिवंत माणसाबद्दल जो संयम, तोच मेलेल्याबद्दल ठेवायला काय हरकत आहे?

माझी आणखी एक आवडती चाचणी आहे, ती कोणत्याही सिद्धांतावर लावून बघा. लेबल मारेकऱ्याला लावता, ते मरणाऱ्याला लावून पाहा. जो माणूस आपल्या उपोषणावर देश थांबेल असं मानतो, ज्याच्या जेवणाखाण्याची आणि झोपेची नोंद अनुयायी ठेवतात, त्यालाही कुणी 'नार्सिसिस्ट' म्हणू शकेल, म्हणणारे आहेतही. १३ ते १८ जानेवारी १९४८ चं शेवटचं उपोषण आठवा. आता एकच शब्द गोळी झाडणाऱ्यालाही लागू आणि गोळी झेलणाऱ्यालाही लागू. मग त्या शब्दाने समजावलं काय?

व्यक्तीचा मी-पणा, गटाचा मी-पणा

इथवर तोडफोड झाली. आता काय उरतं ते बघू, कारण काहीतरी नक्की उरतं.

एरिक फ्रॉम यांनी १९६४ मध्ये एक कल्पना मांडली होती : माणूस स्वतःबद्दल जे बोलायला लाजेल, ते गटाबद्दल छाती फुगवून बोलतो. 'मी जगात सर्वश्रेष्ठ' म्हणणाऱ्याला आपण हसतो. 'माझा समाज जगात सर्वश्रेष्ठ' म्हणणाऱ्याला टाळ्या मिळतात. ज्याच्याकडे स्वतःचं मिरवण्यासारखं थोडं असतं, त्याला हा गटाचा मी-पणा फार परवडतो.

ही कल्पना मोजण्याजोगी केली ॲग्निएश्का गोलेत्स दे झावाला आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये. त्यांनी तिला 'कलेक्टिव्ह नार्सिसिझम' म्हटलं. आपण सामूहिक आत्मप्रौढी म्हणू. व्याख्या दोन पायांची आहे. एक, माझा गट असामान्य आहे. दोन, इतरांनी त्याची थोरवी पुरेशी मान्य केलेली नाही. दुसरा पाय महत्त्वाचा. नुसता अभिमान असणारा माणूस टीका ऐकून घेऊ शकतो. 'आमची कदर झाली नाही' हे ज्याच्या अभिमानाचं अंग आहे, त्याला प्रत्येक टीकेत अपमान दिसतो, आणि बदला हे उत्तर वाटतं. व्यक्तीचा नार्सिसिझम आणि हा सामूहिक प्रकार यांच्यातलं नातं मोजलं की ते फार घट्ट निघत नाही. म्हणजे स्वतःबद्दल विनम्र, साधा राहणारा, व्यसन नसलेला माणूस गटाबद्दल कमालीचा आत्मप्रौढ असू शकतो. नथुरामला ओळखणारे त्याच्या साधेपणाबद्दल बोलत, ही विसंगती इथे सुटते.

कातारझिना यास्को आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये श्रीलंका, मोरोक्को आणि इंडोनेशियातल्या लोकांवर केलेलं काम याच धाग्यातलं. सामूहिक आत्मप्रौढीचा आणि हिंसेला पाठिंबा देण्याचा संबंध कट्टर वातावरणात जास्त ठळक दिसला. पुन्हा तोच मुद्दा : मन एकटं नसतं, आजूबाजूला कोण बसलंय ते बघावं लागतं. नथुरामच्या बाबतीत त्याचा पक्ष, त्याचं वृत्तपत्र, त्याचे वाचक, फाळणीच्या बातम्या हे सगळं त्या आजूबाजूत येतं. वृत्तपत्र चालवणारा माणूस रोज सकाळी आपल्या गटाचा अपमान स्वतःच्या हाताने छापत असतो. त्यावर कुणीतरी आशय-विश्लेषण करायला हवं. नथीपेक्षा त्यातून जास्त हाती लागेल.

'धार्मिक' म्हणजे नक्की काय?

विषयाच्या नावातला दुसरा शब्दही तपासा. नथुरामच्या निवेदनात भक्ती कमी आणि राष्ट्र जास्त आहे. गीतेचा आधार तो घेतो. पण सेवाग्रामच्या प्रार्थनेत रोज स्थितप्रज्ञाची लक्षणं म्हटली जात, तीही गीतेतलीच. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली. ग्रंथ एकच असेल तर धार्मिकता 'किती' हे मोजून उपयोग नाही, 'कशी' ते मोजावं लागेल. ऑलपोर्ट आणि रॉस यांनी १९६७ मध्ये धर्म जगणारे आणि धर्म वापरणारे असा भेद केला होता. त्यात उणिवा आहेत, पण आपल्या कामाला सुरुवात म्हणून तो पुरे. 'आठवड्यातून किती वेळा देवळात जाता?' या प्रश्नाने कट्टरता मोजायला निघालेली प्रश्नावली मी पाहिली आहे. त्या हिशेबाने आपल्या सगळ्या आज्या संशयित ठरतात.

सेवाग्राम, मार्च १९४८

आता जी गोष्ट या विषयावर लिहिणारे जवळजवळ कधीच घेत नाहीत, ती.

खुनानंतर महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, पश्चिम महाराष्ट्रात सगळ्यात जास्त, नागपूरकडेही. एकाच्या कृत्याची शिक्षा पूर्ण जातीला. गांधींच्या नावाने केलेली हिंसा. सामूहिक आत्मप्रौढी फक्त मारेकऱ्याच्या गटात असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे दिवस वाचावेत.

आणि दीड महिन्याने, मार्च १९४८ मध्ये सेवाग्रामला गांधींच्या सहकाऱ्यांची बैठक झाली. नेहरू, राजेंद्रप्रसाद, आझाद, कृपलानी, जयप्रकाश, विनोबा आले होते. त्या चर्चा पुढे गोपालकृष्ण गांधी यांनी संपादित केलेल्या पुस्तकात आल्या. विनोबांनी तिथे सांगितलं की त्यांनी जात केव्हाच सोडली आहे, तरी ज्याच्या हातून हे घडलं त्याच्याच जातीत आपला जन्म झाला हे त्यांना विसरता येत नाही.

हे वाक्य मानसशास्त्राच्या नजरेने वाचा. त्यांना सहज म्हणता आलं असतं, 'तो आमचा नाहीच.' तेव्हाही पुष्कळ जण तेच म्हणत होते, आजही प्रत्येक गट आपल्या खुन्याबद्दल तेच म्हणतो. विनोबांनी नातं मान्य केलं आणि थोरवी सोडली. रोक्कास, क्लार आणि लिव्हियातान यांनी २००६ मध्ये नेमका हाच भेद मोजून दाखवला : गटाशी जिव्हाळा वेगळा, गटाचं गौरवीकरण वेगळं. गौरवीकरण करणारा गटाच्या चुकीची अपराधभावना टाळतो. गौरवीकरण बाजूला काढलं, तर जिव्हाळा असणाऱ्याला ती जास्त जाणवते. इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांवर त्यांनी जे मोजलं, त्याचं जिवंत उदाहरण साठ वर्षं आधी सेवाग्रामच्या बैठकीत बसलं होतं.

म्हणून संशोधनाचा चांगला प्रश्न मला हा वाटतो : एकाच जातीत, एकाच भाषेत, एकाच ग्रंथावर वाढलेल्या दोन माणसांपैकी एकाचा जिव्हाळा गौरवीकरणात का बदलतो आणि दुसऱ्याचा का नाही?

पाटीवरचं गणित

मोजपट्टी चांगली मिळाली म्हणजे खुनी आधीच ओळखता येतील, असा मोह होतो. एक काल्पनिक हिशेब करू. समजा आपल्या जिल्ह्यात ९ लाख प्रौढ आहेत. सगळ्यांची चाचणी घेतली आणि वरच्या ५ टक्क्यांना 'धोकादायक' म्हटलं. झाले ४५,००० लोक. समजा खरोखर हिंसेकडे जाणारे १० आहेत आणि चाचणी इतकी अफाट की दहाही त्या यादीत सापडले. तरी उरलेले ४४,९९० निर्दोष आहेत. दर ४,५०० नावांमागे एक. या यादीचं पोलीस काय करतील, नोकरी देणारे काय करतील, शेजारी काय करतील? शेवटी यादीत नाव कुणाचं चढतं आणि कुणाचं वगळलं जातं हे आकड्यांवर ठरत नाही, सत्ता कुणाकडे आहे त्यावर ठरतं. निदानाचा शब्द शस्त्र होतो तो इथे.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

विषय सोडू नका, नीट बांधा. एवढं करा :

१. व्यक्तीचा नार्सिसिझम आणि सामूहिक आत्मप्रौढी ही दोन वेगळी चलं ठेवा, दोन्ही मोजा, मग तुलना करा.

२. मूळ प्रश्नावली इंग्रजीत असेल तर मराठीत आणा, दुसऱ्याकडून उलट भाषांतर करून घ्या, आधी ३०-४० जणांवर चालवून बघा. 'माझा गट' म्हणजे वर्ध्याच्या उत्तरदात्याला जात वाटते, धर्म वाटतो, गाव वाटतं की देश, हे आधी ठरलं नाही तर सगळे आकडे वाया.

३. हिंसेला 'पाठिंबा' आणि हिंसा 'करणं' एक समजू नका. प्रश्नावली पहिलं मोजते, दुसरं नाही.

४. एकाच समाजाचं सॅम्पल घेऊन त्या समाजाबद्दल निष्कर्ष काढू नका. किमान दोन गट घ्या, आणि त्यातला एक तुमचा स्वतःचा असू द्या.

५. ऐतिहासिक माणूस घेत असाल तर प्रत्येक माहितीपुढे लिहा : कुणी सांगितलं, केव्हा सांगितलं, पाहिलं की ऐकलं. सेवाग्रामचंच बघा. सप्टेंबर १९४४ मध्ये गांधीजी जीनांशी बोलायला मुंबईला निघणार होते, तेव्हा आश्रमासमोर निदर्शकांचा गट आला होता आणि एकाजवळ सुरा सापडला, ही नोंद प्यारेलाल यांनी केली आहे. त्या गटात नथुरामही होता असं भाषणांतून बेधडक सांगितलं जातं, पण यावर अभ्यासकांत एकमत नाही. एक नाव घातलं की गोष्ट रंगते. संशोधकाने ते नाव पुराव्याशिवाय घालायचं नसतं.

चौथ्या मुद्द्यावर बहुतेक जण अडखळतात. दुसऱ्याच्या गटाची आत्मप्रौढी मोजायला उत्साह असतो, आपल्या गटाची प्रश्नावली वाटायची म्हटलं की सॅम्पल मिळत नाही, गाईड नको म्हणतात, घरचे विचारतात हे काय नवीन काढलंस. ती अडचण सिनॉप्सिसमध्ये 'अभ्यासाच्या मर्यादा' या मथळ्याखाली पुरून टाकू नका. ती टिपून ठेवा, कारण तोही तुमचा डेटाच आहे.